चुकलेला ठोका

धारूर हे बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव. इथून तेलगाव-माजलगावकडे जायचं तर घाट उतरावा लागतो आणि परतताना तोच घाट चढावा लागतो. खामगाव-पंढरपूर महामार्गही याच वाटेने जातो. अशा गावात गाडीची परीक्षा घाटात होते, असं कुणीही म्हणेल. पण इंजिनाच्या तब्येतीची सर्वांत खरी खबर मिळते ती गाडी उभी असताना, सीट भरायची वाट पाहत इंजिन नुसतं चालू असताना. त्या वेळी स्टेअरिंगवरच्या हाताला थरथर जाणवते, आरशातलं चित्र धूसर होतं, दाराची काच खडखडते. गाडी निघाली की हे सारं थांबतं, आणि थांबलं म्हणून विसरलंही जातं. या थरथरीचं काय करायचं याची दोन उत्तरं दिली जातात. एक गाडी चालवून पोट भरणाऱ्याचं, दुसरं गाडी दुरुस्त करणाऱ्याचं. ती इथे चालक आणि मिस्त्री यांच्या तोंडून मांडतो. ही कुणी ठरावीक माणसं नव्हेत, हे दोन विचार आहेत. दोन्ही विचार पुराव्यावर घासून पाहायचे, एवढाच या लेखाचा हेतू.

चालक : मिस्त्री, इंजिन म्हटल्यावर ते हलणारच. विहिरीवरचं डिझेल इंजिन बघा की. चालू केलं की सिमेंटचा ओटासुद्धा हादरायचा, तरी पिढ्यान्‌पिढ्या पाणी उपसलं त्यानं. थोडी रेस वाढवून द्या, थरथर जाते. त्यापायी दिवसभर गाडी गॅरेजात कामून ठेवायची? दोन फेऱ्या बुडतात.

मिस्त्री : भाऊ, विहिरीवरचं इंजिन हलत होतं, पण ठोका चुकवत नव्हतं. तुझी गाडी ठोका चुकवती. हलणं निराळं अन् चुकणं निराळं. रेस वाढवली तर तुला ते कळायचं बंद होईल, चुकायचं बंद होणार नाही.

चालकाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. विहिरीच्या इंजिनाचा दाखला तर आपल्याला थेट विषयाच्या गाभ्यात नेतो. अशा इंजिनाला एकच सिलिंडर असे. चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) या इंजिनात चाकाच्या दर दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटतं. बाकीचा वेळ जड चाकाच्या जोरावर निघतो. मिनिटाला ६५० फेरे फिरणारं जुनं मोठ्या चाकाचं इंजिन घेतलं, तर सेकंदाला साधारण साडेपाच ठोके पडतात. ते इतके सुटे असतात की कान मोजू शकतो आणि पायाखालची जमीन जाणू शकते. आता चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घ्या. उभी असताना ती मिनिटाला सुमारे ८०० फेरे फिरते. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठोके. इतके जवळ आलेले ठोके शरीराला सुटे जाणवत नाहीत, त्यांची गुणगुण होते. पण चारांपैकी एक सिलिंडर पेटेनासा झाला, तर सेकंदाला ६ ते ७ वेळा एक जागा रिकामी पडते. म्हणजे एक सिलिंडर मेलेली चार सिलिंडरची गाडी जवळपास विहिरीच्या इंजिनाच्याच चालीने हादरू लागते. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसवलेलं असतं, त्या रबराची स्वतःची डोलण्याची चालही याच्या आसपासची असते. म्हणून इतका लहानसा दोष साऱ्या गाडीला झुलवतो. मिस्त्री हलण्यात आणि चुकण्यात जो फरक करतो तो शब्दांचा खेळ नाही, तो मोजता येण्यासारखा फरक आहे.

तरीही चालकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. काही थरथर इंजिनाच्या घडणीतच असते. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं होतं, आणि तेच पुढे ओम्नीतही राहिलं. २००५ साली आलेल्या टाटा एसच्या, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीच्या, डिझेल इंजिनाला दोनच सिलिंडर होते. तीन सिलिंडरच्या इंजिनात ठोके कमी पडतात, ८०० फेऱ्यांना सेकंदाला २० च. शिवाय दोन टोकांचे दट्टे एकाच वेळी वरखाली होत नसल्यामुळे इंजिन तराजूच्या दांडीसारखं टोकांवर झुलायला बघतं. त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीची सवय असलेला माणूस तीन सिलिंडरच्या गाडीत बसला, की त्याला ती बिघडल्यासारखी वाटते. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये आधीच्या चार सिलिंडरच्या जागी तीन सिलिंडरचं इंजिन आलं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर हाताला फरक कळेल, आणि तो दोष नसेल. म्हणून ‘हलते म्हणजे बिघडली’ हा नियम चुकीचा आहे. गाडीची तुलना शेजारच्या गाडीशी करू नये, तिच्या स्वतःच्या कालच्या चालीशी करावी. काल सम असलेली थरथर आज अडखळत असेल, तरच प्रश्न उभा राहतो.

चालक : ते पटलं. पण माझी गाडी पळताना लई मऊ चालती. खरंच बिघाड असता तर घाटात दम सोडला असता की. मला तर चाकांचं बॅलन्सिंग गेलं वाटतंय, नाहीतर फाउंडेशन. तेवढं बदलून टाका.

मिस्त्री : चाकाचा दोष पळताना दिसतो, उभ्या गाडीत चाक फिरतंच कुठं? फाउंडेशन गेलं असंल तर हादरा तुझ्यापर्यंत जास्त पोचंल. पण हादरा तयार करायचं काम फाउंडेशनचं नाही.

‘पळताना मऊ चालते’ हे वाक्य चालक इंजिनाच्या बचावासाठी वापरतो. खरं तर तोच दोषाचा पत्ता सांगणारा पुरावा आहे. फिरणाऱ्या आणि वरखाली होणाऱ्या वस्तूंचा तोल गेला, तर त्याचा हादरा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की हादरा चौपट. चाकांचं असंतुलन कमी वेगात जाणवत नाही आणि वेग वाढल्यावर उठून दिसतं ते यामुळे. आपली थरथर मात्र उलट वागते, वेग वाढला की ती विरते. म्हणजे तिचं मूळ तोल जाण्यात नसून जळण्यात शोधायला हवं. उभ्या गाडीत जळण नाजूक का असतं, यालाही कारण आहे. पेट्रोल इंजिनाची हवेची झडप त्या वेळी जवळपास बंद असते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशावर उतरलेला असतो, आणि मागच्या फेरीतला जळका वायू नव्या मिश्रणात बराच मिसळलेला असतो. इतक्या अशक्त मिश्रणाला पेटवायचं तर ठिणगी भरीव हवी, इंधन मोजून हवं आणि हवा फक्त ठरलेल्या वाटेनेच आत यायला हवी. प्लगचं टोक झिजलं, कॉइल कमकुवत झाली, नोझल तुंबलं किंवा एखाद्या रबरी पाइपला चीर गेली, तर पळत्या गाडीत जे सहज खपून जातं ते इथे खपत नाही. त्यात फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, साठलेली ऊर्जाही वेगाच्या वर्गाने बदलते. ८०० फेऱ्यांना ती २४०० फेऱ्यांच्या एक नवमांशच असते. एखादा ठोका चुकला, तर तो सावरून न्यायला चाकाकडे बळ नसतं. रेस वाढवल्यावर थरथर जाते ती चाकाचं बळ वाढल्यामुळे. दोष होता तिथेच राहतो, फक्त झाकला जातो.

आणि तो झाकलेला दोष स्वस्तात राहत नाही. न पेटलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल जातं कुठे? काही सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. बाकीचं सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्याची जाळी इतकी तापते की ती वितळूही शकते. एका प्लगच्या किमतीचा बिघाड असा त्याच्या कितीतरी पट महाग भागाला गिळतो. दोन फेऱ्या बुडतील ही चालकाची काळजी खरी आहे. ज्या घरात रोजची कमाई रोज लागते, तिथे ती खोटी ठरवण्याचा कुणालाही अधिकार नाही. पण त्याच काळजीने हिशेब पुढे नेला, तर रेस वाढवण्याचा उपाय सर्वांत महाग निघतो.

चालक : असं असंल तर मग एकदाच प्लग, कॉइल, नोझल, फाउंडेशन सगळंच बदलून टाका. नाहीतर बीडला नेऊन स्कॅनर लावतो, ते मशीनच सांगंल काय गेलंय ते.

मिस्त्री : मशीन सांगंल की दोन नंबरचा सिलिंडर चुकतोय. कामून चुकतोय ते नाही सांगत. ते तर हातानं काढावं लागतं. अन् सगळं बदलायचं म्हणजे ताप आला म्हणून दुकानातली सगळी औषधं घ्यायची.

इथे चालक एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला आहे, पण दोन्ही टोकांची चूक एकच आहे: निदान टाळण्याची. स्कॅनर हे उपयोगी साधन आहे. पी०३०२ असा संकेत आला, तर दुसरा सिलिंडर ठोका चुकवतो आहे हे क्षणात कळतं. पण त्या एका संकेतामागे प्लग, कॉइल, नोझल, झडप, कम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकतं. त्यातलं नेमकं काय, हे ओळखण्याची रीत जुनीच आहे, आणि तिचे पहिले टप्पे जवळजवळ फुकट आहेत. बॉनेट उघडून आधी इंजिनाकडे बघायचं. इंजिन स्वतः शांत असेल आणि स्टेअरिंगच थरथरत असेल, तर हादऱ्याची वाट दोषी आहे, म्हणजे फाउंडेशन किंवा सायलेन्सरचं टेकलेलं हँगर. इंजिनच अडखळत डोलत असेल, तर मूळ आत आहे. मग सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरायची. ती एकसारखी फडफडत असेल तर ठीक. मधूनच आत ओढली जात असेल तर एक सिलिंडर काम करत नाही. तो कोणता, हे ओळखण्यासाठी इंजिन बंद करून एकेका नोझलची किंवा कॉइलची वायर काढायची आणि थोडाच वेळ चालवून बघायचं. चांगला सिलिंडर बंद केला की थरथर वाढते. मेलेला बंद केला की काहीच फरक पडत नाही. तो सापडला की त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, जागीच राहिला तर हाच प्रयोग प्लगचा. एकही सुटा भाग विकत न घेता निम्मा प्रश्न इथवर सुटलेला असतो. कम्प्रेशन मोजणं, टॅपेट तपासणं ही जास्त वेळेची कामं त्यानंतर.

डिझेल गाडीत रीत थोडी बदलते. तिथे ठिणगी नसते, म्हणून संशय नोझलवर, हवा घेणाऱ्या डिझेल लाइनवर आणि कम्प्रेशनवर जातो. जुन्या पंपाच्या डिझेल इंजिनात नोझलच्या नळीचं नट किंचित सैल करून मेलेला सिलिंडर ओळखत असत. आजच्या कॉमन रेल इंजिनात हे चुकूनही करू नये. गाडी नुसती उभी असली तरी त्या नळीत हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब असतो, आणि सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. अनुभवाचा मान राखायचाच, पण इंजिन बदललं की अनुभवालाही नव्याने शिकावं लागतं. मिस्त्रीच्या बाजूने बोलताना हेही सांगितलं पाहिजे.

चालक : सगळं खरं. पण पूर्वी असं होत नव्हतं. आता पेट्रोलमध्येच इथेनॉल घालतात. गाडी हलती ती त्याच्यामुळंच, असं समदे म्हणतात.

मिस्त्री : पेट्रोल चारी सिलिंडरला एकाच टाकीतून जातं. मग एकच कामून चुकतोय?

हा आक्षेप या भागात विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे. ऊस तोडायला दिवाळीच्या सुमारास घरदार बंद करून जाणारी हजारो कुटुंबं याच डोंगरपट्ट्यातली आहेत. त्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉल निघतं, आणि तेच पेट्रोलमध्ये मिसळून गाड्यांच्या टाकीत येतं. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते २०२५-२६ वर आणलं गेलं. इथेनॉलचा परिणाम होतच नाही, असं म्हणणं अप्रामाणिक ठरेल. त्यात ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं मान्य केलं आहे. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच. म्हणून तेवढ्याच हवेसाठी मिश्रणाचं इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना हा फरक चारेक टक्क्यांचा होतो. सेन्सर असलेली गाडी तेवढा फरक स्वतः भरून काढते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत सेन्सर नसतो. तिथे मिश्रण खरोखर पातळ होतं आणि उभ्या गाडीची चाल खडबडीत होऊ शकते. तिथे चालकाची तक्रार रास्त आहे. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून फार दिवस उभी राहिलेली गाडी किंवा झाकण सैल असलेली टाकी यांच्याबाबत जपायला हवं. पण मिस्त्रीचा एका ओळीचा प्रश्न बाकी साऱ्या वादाचा निकाल लावतो. इंधनाचा दोष सगळ्या सिलिंडरांना सारखा भोवतो. एकच सिलिंडर चुकत असेल, तर कारण त्याच सिलिंडरजवळ शोधावं लागतं. सगळे म्हणतात म्हणून धरलेलं कारण चाचणीशिवाय मान्य केलं, तर खरा दोष शेजारी बसून राहतो.

आता राहिला सर्वांत मोठा आक्षेप: थोडी थरथर सहन केली तर बिघडलं काय? याचं उत्तर धारूरच्या भूगोलात आहे. पेट्रोल गाडीत ब्रेकवर पाय हलका पडतो तो ब्रेकच्या सर्व्होमुळे, आणि त्या सर्व्होला लागणारी पोकळी इंजिनाच्या हवेच्या नळीतून एका जाड रबरी पाइपने येते. तो पाइप चिरला किंवा सर्व्होचा पडदा फाटला, तर दोन गोष्टी एकदम होतात. चुकीच्या वाटेने हवा आत शिरून उभी गाडी थरथरते, आणि ब्रेकचं पेडल कठीण होतं. ब्रेक दाबल्याबरोबर इंजिनाची चाल बदलत असेल, फुसफुस ऐकू येत असेल, तर ती थरथर इंजिनाची राहिलेली नाही, ती ब्रेकची सूचना आहे. रेस वाढवून ती गप्प केलेली गाडी भरल्या सीटांनी घाट उतरू लागते. डिझेल गाडीत पोकळीसाठी वेगळा पंप असतो, म्हणून तिथे हा संबंध असा थेट नसतो. पण अडखळणारं इंजिन वळणावर बंद पडलं, तर डिझेल गाडीतही एक-दोन दाबांनंतर सर्व्होची मदत संपते आणि पॉवर स्टेअरिंग जड होतं. प्रत्येक थरथरीमागे एवढा धोका नसतो, बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण कोणत्या थरथरीमागे तो आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तपासण्याचा आग्रह आहे तो एवढ्यासाठी.

असं असूनही चालक रेसच वाढवून मागतो आणि अनेक गॅरेजांत सुटे भागच बदलले जातात. याचा दोष एकट्या कुणाचा नाही. आपण पैसे मोजतो ते वस्तूचे. नवा प्लग हातात दिसतो, म्हणून त्याची किंमत पटते. अर्धा तास कान लावून, कॉइल इकडून तिकडे फिरवून ‘प्लग चांगला आहे, पाइप चिरलाय’ असं सांगणाऱ्या माणसाला मजुरी द्यायला हात आखडतो. मग त्यालाही विचार विकण्यापेक्षा भाग विकणं परवडतं. ही रीत बदलायची तर चालकाने निदानाची मजुरी आपणहून द्यायला हवी, आणि मिस्त्रीने भाग बदलण्याआधी दोष दाखवून द्यायला हवा. कमी कमाईच्या गावाला अंदाजाची दुरुस्ती सर्वांत कमी परवडते. चाचणी स्वस्त आणि भाग महाग असताना चाचणीच आधी व्हायला हवी, हा साधा हिशेब आहे, आणि त्यावर चालकाचाच हक्क सर्वांत मोठा आहे.

चालक : मग आता काय करू? सीटा भरत आल्यात.

मिस्त्री : रेसला हात लावू नको. ब्रेक दाबून बघ, चाल बदलती का. नाही बदलली तर ही फेरी मारून ये, पण चेक लाइट लुकलुकली तर पुढं जाऊ नको. बदलली तर सीटा उतरव. त्या पाइपाशिवाय घाट उतरायचा नाही.